पॉलिसी संपली, काम सुरूच. मग जबाबदारी कोणाची?

इमारतीला परांची बांधली जाते, बाहेरचा जुना गिलावा खरवडला जातो, रंगाचे डबे आवारात येऊन पडतात. सहा महिन्यांत काम पुरे करायचे, असे ठरलेले असते. करारावर सही करताना कंत्राटदाराने विम्याची पॉलिसी आणून दाखविलेली असते आणि सोसायटीच्या सचिवांनी तिची छायाप्रत फाइलला लावून ठेवलेली असते. पुढे परतीचा पाऊस लांबतो, मध्येच एका खांबाचे वाढीव काम निघते, सहा महिन्यांचे आठ होतात. पॉलिसी मात्र सहाच महिन्यांची असते. ती ३१ मार्चच्या मध्यरात्री संपते आणि त्याची दखल कोणीच घेत नाही. ९ एप्रिलला झुल्याचा दोर तुटतो आणि पाचव्या मजल्यावरून एक रंगारी खाली कोसळतो.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातली प्रत्येक पायरी दुरुस्तीच्या कामांत नेहमी घडणारी आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तर पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. तपासणीनंतर दुरुस्ती आणि दुरुस्तीबरोबर कंत्राटदार, हे ओघानेच आले. अशा कामाच्या करारात ‘कंत्राटदाराने आवश्यक तो विमा उतरवावा’ असे एक वाक्य बहुतेक वेळा असते. तो विमा काम चालू असतानाच संपुष्टात आला तर पुढे काय, याचे उत्तर मात्र अनेक करारांत सापडत नाही. अपघाताच्या दिवशी सगळा वाद नेमक्या याच न लिहिलेल्या ओळींवर येऊन ठेपतो.

विमा एक नव्हे, निदान दोन

‘विमा काढला आहे’ एवढ्या उत्तराने समाधान मानणे ही पहिली चूक ठरते. दुरुस्ती किंवा बांधकामाच्या कामात निदान दोन वेगळ्या पॉलिसी लागतात. पहिली ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क्स’, म्हणजे व्यवहारात ‘सीएआर’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी पॉलिसी. तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागात प्रत्यक्ष कामाचे आणि साहित्याचे नुकसान येते. दुसऱ्या भागात त्रयस्थांना, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या माणसाला, शेजारच्या इमारतीला किंवा खाली उभ्या असलेल्या गाडीला झालेली इजा येते.

या दुसऱ्या भागात कंत्राटदाराचे स्वतःचे कामगार सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते. जे कामगार राज्य विमा योजनेखाली, म्हणजे ‘ईएसआय’खाली येतात त्यांना अपघाताचे लाभ त्या योजनेतून मिळतात. पण एखाद्या कामापुरते नाक्यावरून आणलेले मजूर त्या योजनेत प्रत्यक्ष नोंदले गेले आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही. यापैकी एकच पॉलिसी फाइलमध्ये असेल, तर दुसऱ्या बाजूचे विमाछत्र संपण्याचा प्रश्नच नसतो, कारण ते मुळात उघडलेलेच नसते.

विमाछत्र मिटते कसे?

विमाछत्र नाहीसे होण्याच्या वाटा अनेक आहेत. सर्वांत साधी वाट म्हणजे मुदत संपणे. कामाला मुदतवाढ मिळते तेव्हा पॉलिसीला ती आपोआप मिळत नाही. त्यासाठी मुदत संपण्यापूर्वी विमा कंपनीकडे अर्ज करून वाढीव हप्ता भरावा लागतो. आयुर्विम्यात हप्ता भरण्यास सवलतीचे दिवस मिळतात, याची अनेकांना सवय असते. अशा कामांच्या पॉलिसींत तो दिलासा गृहीत धरता येत नाही. कागदावर लिहिलेल्या क्षणी संरक्षण थांबते.

दुसरी वाट न वटलेल्या धनादेशाची. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४-व्हीबी नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. डिसेंबर १९९३ मधील एका मोटार अपघाताच्या प्रकरणात हप्त्याचा धनादेश वटला नव्हता. त्या प्रकरणात विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. पॉलिसीचा कागद हातात असला तरी त्यामागे पैसा नसेल तर मालकाने स्वतःचे नुकसान विमा कंपनीकडे मागण्यात अर्थ उरत नाही, हा त्यातून घ्यायचा धडा आहे.

तिसरी वाट अधिक फसवी. विमाधारक आपली पॉलिसी मध्येच रद्द करून उरलेल्या काळाच्या हप्त्याचा परतावा मागू शकतो. करार होईपर्यंत कागद दाखवायचा आणि पुढे पॉलिसी रद्द करायची, हे एखाद्याने केलेच, तर ज्याचे नाव पॉलिसीवर नाही त्या सोसायटीला ते कळण्याचा मार्ग राहत नाही.

चौथ्या प्रकारात पॉलिसी चालू असते, पण तिच्या चौकटीबाहेर काम चाललेले असते. दहा कामगारांचे वेतन जाहीर करून हप्ता भरला आणि परांचीवर पंचवीस जण चढले. काम उपकंत्राटदाराकडे सोपविले आणि त्याच्या माणसांचा पॉलिसीत उल्लेख नाही. किंवा पॉलिसीवर पत्ता दुसऱ्याच कामाचा आहे. अशा वेळी विमा कंपनी दावा नाकारते किंवा कमी करते. म्हणून करारातील ‘विमा संपुष्टात येणे’ या शब्दांच्या व्याख्येत केवळ मुदत संपणे नव्हे, तर पॉलिसी रद्द होणे, हप्ता न पोहोचणे आणि संरक्षण अपुरे पडणे यांचाही समावेश असावा लागतो.

खंड मागाहून भरून निघत नाही

‘दोन दिवस उशीर झाला, पण पॉलिसी लगेच नवी केली,’ हे उत्तर ऐकायला ठीक वाटते. पण नव्या पॉलिसीचे संरक्षण नव्या क्षणापासून सुरू होते. आधी घडून गेलेल्या अपघाताला ते लागू होत नाही. डिसेंबर १९९१ मधील एका मोटार अपघाताचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. अपघात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी घडला होता आणि विमा त्याच दिवशी २ वाजून ५५ मिनिटांनी घेतला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला जबाबदार धरले नाही. पस्तीस मिनिटांच्या अंतराने जर निकाल फिरतो, तर नऊ दिवसांच्या खंडाबद्दल वेगळे सांगायला नको.

करारातील तरतुदींचा विचार करताना हे भान सतत ठेवावे लागते. चांगले कलम खंड पडू नये यासाठी धावपळ करायला लावते आणि तो पडलाच तर त्याचा भार कोणी उचलायचा हे ठरवते. पडलेला खंड बुजविण्याचे सामर्थ्य मात्र कोणत्याही कलमात नसते.

भार मालकाकडे का येतो?

कामगार कंत्राटदाराचा असताना सोसायटीचा संबंध काय, असा प्रश्न सभासद हमखास विचारतात. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम १२ मध्ये याचे उत्तर होते. आपल्या व्यापार-व्यवसायाचा नेहमीचा भाग असलेले काम मालकाने कंत्राटदारामार्फत करून घेतले, तर जखमी कामगाराला भरपाई थेट मूळ मालकाकडे मागता येते. मालकाने ती देऊन नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी ही रचना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, म्हणजे २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्यात, जुना अधिनियम सामावला गेला असून मूळ मालकाच्या जबाबदारीचे हे तत्त्व कायम आहे.

कारखानदार किंवा बांधकाम व्यावसायिक यांच्या बाबतीत ही तरतूद सरळ लागू पडू शकते. गृहनिर्माण सोसायटी मात्र ‘इमारत रंगविणे हा आमचा व्यवसाय नव्हे’ असा बचाव घेऊ शकते. तो टिकेल की नाही हे त्या-त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवर अवलंबून राहील. पण बचाव टिकविण्यासाठीसुद्धा वकील नेमावा लागतो, वर्षे घालवावी लागतात. शिवाय परांचीवरून पडलेल्या विटेने पादचारी जखमी झाला, तर जागा ताब्यात असलेल्याचा निष्काळजीपणा हा वेगळाच मुद्दा उभा राहतो.

रकमेचा अंदाज यावा म्हणून जुन्या अधिनियमाचेच गणित पाहता येईल. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणायचे, अशी पद्धत होती आणि संहितेनेही तोच आराखडा ठेवला आहे. जानेवारी २०२० मध्ये या हिशेबासाठी वेतनाची मर्यादा दरमहा १५,००० रुपये करण्यात आली. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८. त्यामुळे ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. चाळीस सदनिकांच्या सोसायटीत ही रक्कम वाटून घेण्याची वेळ आली तर प्रत्येक घरावर सुमारे ३९ हजार रुपयांचा बोजा पडतो. जुन्या अधिनियमानुसार भरपाई थकल्यास बारा टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडाची रक्कम वर चढत असे.

करारात काय हवे?

जाणकारीने लिहिलेल्या करारात विम्याच्या खंडाबाबत सहा-सात गोष्टी क्रमाने येतात.

पहिली गोष्ट क्रियापदाची. ‘विमा उतरवावा’ आणि ‘विमा अखंड चालू ठेवावा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली जबाबदारी एका दिवसात संपते. दुसरी काम पुरे होईपर्यंत रोज चालू राहते. त्यातही ‘काम पुरे होईपर्यंत’ हे शब्द अपुरे पडतात. दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे काम संपल्यावर गळती किंवा तडे दुरुस्त करण्यासाठी कंत्राटदाराची माणसे पुन्हा शिडीवर चढतात, तेव्हाही विमा लागतो. त्या भेटींचा उल्लेख करारात स्वतंत्रपणे असावा.

दुसरी गोष्ट पुराव्याची. पॉलिसीबरोबर हप्ता भरल्याची पावती, पॉलिसी सुरू होण्याची व संपण्याची तारीख आणि वेळ, कामाचा पत्ता, जाहीर केलेली कामगारसंख्या व वेतन, हे सारे कागद काम सुरू होण्याआधी मिळायला हवेत. सीएआर पॉलिसीवर कंत्राटदाराबरोबर सोसायटीचे नाव सहविमाधारक म्हणून घालता येते. तसे केल्याने दाव्यात सोसायटीला स्वतःचे स्थान मिळते. मुदत संपण्याच्या ठराविक दिवस आधी, उदाहरणार्थ पंधरा दिवस आधी, नूतनीकरणाचा पुरावा देण्याचे बंधन घातले तर धोक्याची घंटा वेळेवर वाजते.

तिसरी गोष्ट सूचनेची. पॉलिसी रद्द झाली, कमी झाली किंवा विमा कंपनीची नोटीस आली, तर कंत्राटदाराने चोवीस तासांच्या आत लेखी कळवावे, असे बंधन हवे. न कळविणे हाच स्वतंत्र करारभंग मानला जावा. एरवी ‘मला माहीत नव्हते’ या सबबीला जागा राहते.

चौथी गोष्ट काम थांबविण्याची. विमाछत्र नसताना उंचावरचे, तोडफोडीचे आणि विजेचे काम तत्काळ थांबविण्याचा अधिकार मालकाला असावा. त्या दिवसांसाठी कंत्राटदाराला मुदतवाढ किंवा खोळंब्याचा मोबदला मिळणार नाही, हेही त्याच वाक्यात लिहावे. नाहीतर कंत्राटदार उलट दावा करतो की काम सोसायटीनेच अडविले. थांबविताना परांची सुरक्षित करणे, उघड्या सळ्या झाकणे अशी तातडीची कामे मात्र वगळावीत. अर्धवट सोडलेली परांची हा स्वतःच एक धोका असतो.

पाचवी गोष्ट सर्वांत उपयोगाची आहे. कंत्राटदाराने विमा चालू ठेवला नाही, तर मालकाने तो स्वतः घ्यावा आणि हप्त्याची रक्कम कंत्राटदाराच्या देयकातून कापावी, हा तो अधिकार. मात्र हा अधिकार कागदावर असून पुरत नाही. विमा कंपनी कामगारांची संख्या, वेतन, कामाचे स्वरूप विचारते. ही माहिती मागितल्यावर दोन दिवसांत देण्याचे आणि प्रस्तावावर आवश्यक त्या सह्या करण्याचे बंधन कंत्राटदारावर नसेल, तर सोसायटी पैसे हातात घेऊन बसते आणि पॉलिसी निघत नाही.

सहावी गोष्ट देयक रोखण्याची. विम्याचा वैध पुरावा जोडल्याशिवाय चालू देयक मंजूर होणार नाही, अशी अट अनेक ठिकाणी असते आणि ती परिणामकारकही ठरते. तिच्यात एक सावधगिरी हवी. देयक पूर्णपणे अडविले तर पहिला फटका परांचीवरच्या मजुराच्या पगाराला बसतो. कंत्राटदाराने मजुरी थकविल्यास मूळ मालकाने ती द्यावी आणि कंत्राटदाराकडून वसूल करावी, हे तत्त्व कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० पासून कायद्यात रुजलेले आहे. म्हणजे रोखलेला पैसा वळसा घालून पुन्हा मालकाच्याच दारात येऊ शकतो. हप्त्याइतकी आणि संभाव्य जोखमीला साजेशी रक्कम रोखून मजुरीचा भाग मोकळा ठेवणे अधिक शहाणपणाचे.

सातवी गोष्ट खंडाच्या काळातील नुकसानीची. विमा चालू असता तर विमा कंपनीकडून जी रक्कम मिळाली असती, ती कंत्राटदाराने स्वतः द्यावी, असे स्पष्ट शब्द हवेत. केवळ हप्ता वसूल करण्याची तरतूद असेल तर काही हजार रुपये मिळतील आणि काही लाखांचे नुकसान मालकाच्या पदरात राहील. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२४ व १२५ मध्ये हानीपासून संरक्षण देण्याच्या कराराची तरतूद आहे. तिच्या आधारे हे बंधन लिहिता येते. पण असे वचन म्हणजे विमा नव्हे. वचन देणाऱ्याच्या खिशात पैसा असेल तेवढीच त्याची किंमत. म्हणून शेवटच्या देयकातील काही हिस्सा आणि सुरक्षा अनामत यांचा आधार त्यामागे असावा.

करार संपुष्टात आणण्याचा अधिकार या सगळ्यानंतर येतो. लेखी नोटीस, दोष दूर करण्यासाठी सात दिवसांसारखी वाजवी मुदत आणि त्यानंतर करार रद्द, असा क्रम ठेवल्यास पुढे लवादासमोर तो टिकण्याची शक्यता वाढते. पहिल्याच दिवशी करार मोडला तर अर्धी सोललेली इमारत आणि नव्या निविदेचा खर्च सोसायटीच्याच वाट्याला येतो.

शासकीय करारांत काय घडते?

या तरतुदी कोणा वकिलाच्या कल्पनेतून निघालेल्या नाहीत. बांधकाम अभियंता-सल्लागारांच्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या नमुना करारात अठरावे कलम विम्याचे आहे. विमा घेण्याची जबाबदारी असलेल्या पक्षाने तो चालू ठेवला नाही, तर दुसऱ्या पक्षाने तो घ्यावा व हप्ता वसूल करावा, असे ते सांगते. एवढ्यावर न थांबता, जी रक्कम विम्यातून मिळू शकली असती तीही चूक करणाऱ्या पक्षाने द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. वरच्या यादीतील पाचवी आणि सातवी गोष्ट एकाच कलमात अशी जोडलेली आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांमध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलेले दिसते. कामाचा विमा राज्य शासनाच्या विमा संचालनालयाकडूनच, म्हणजे शासकीय विमा निधीतून, घेण्याची अट त्यांत घातलेली असते. कंत्राटदाराने तो बाहेरच्या कंपनीकडून घेतला तर तो ग्राह्य धरला जात नाही आणि हप्त्याची रक्कम देयकातून परस्पर वळती करण्याचा अधिकार शासन राखून ठेवते. कंत्राटदाराची आठवण किंवा सचोटी यांच्यावर विसंबून न राहता पैसा जिथून निघतो तिथेच हप्ता कापून घ्यावा, हे यामागचे तत्त्व आहे.

छोट्या सोसायटीला शासकीय निधी उपलब्ध नसला तरी हे तत्त्व उसने घेता येते. निविदेतच विम्याची रक्कम वेगळी दाखवायला सांगायची, पॉलिसी सोसायटीने स्वतः दोघांच्या नावे घ्यायची आणि तेवढी रक्कम कंत्राटाच्या किमतीतून वजा करायची. नूतनीकरणाची तारीख मग सचिवांच्या कॅलेंडरवर असते. अर्थात, हप्ता चुकला तर दोषही सोसायटीचाच ठरतो, याची तयारी ठेवावी लागते.

कलम लिहिताना होणाऱ्या चुका

कठोर कलम म्हणजे चांगले कलम, असा एक समज आहे. ‘विमा एक दिवस जरी खंडित झाला तरी कंत्राटाच्या दहा टक्के रक्कम दंड’ अशी वाक्ये काही करारांत आढळतात. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय किंवा लवाद त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतो. खंडाच्या दिवसांत काहीच नुकसान झाले नसेल, तर भला मोठा दंड टिकेलच याची खात्री नसते. त्यापेक्षा प्रत्यक्ष हप्ता, प्रशासकीय खर्च आणि प्रत्यक्ष नुकसान यांची वसुली लिहिणे सुरक्षित.

दुसरी चूक मौनाची. पॉलिसी संपल्याचे माहीत असूनही सोसायटीने काम चालू दिले, देयके मंजूर केली आणि अपघातानंतर अटीवर बोट ठेवले, तर ‘तुम्ही ही अट सोडून दिली होती’ असा युक्तिवाद कंत्राटदार करू शकतो. ‘मालकाने एखाद्या वेळी आग्रह धरला नाही म्हणून त्याचा हक्क सुटला असे मानले जाणार नाही’ हे वाक्य करारात असावे. आणि ते असले तरी पॉलिसी संपल्याच्या दिवशी एक लेखी पत्र जावे.

तिसरी चूक अन्यायाची. मुदतवाढ जर सोसायटीने सुचविलेल्या वाढीव कामामुळे किंवा थकविलेल्या देयकामुळे झाली असेल, तर वाढीव काळाचा हप्ता कोणी भरायचा? सारा भार कंत्राटदारावर टाकणारे कलम कागदावर मालकाला सोयीचे दिसते, पण लहान कंत्राटदार मग नेमका तोच हप्ता वाचवितो. ज्याच्यामुळे उशीर त्याने वाढीव हप्ता भरावा, हा नियम दोन्ही बाजूंना पाळता येण्याजोगा आहे. मुदतवाढीच्या पत्रातच ‘ही मुदतवाढ विम्याच्या मुदतवाढीचा पुरावा दिल्यावर अमलात येईल’ असे एक वाक्य घातले, तर काम आणि पॉलिसी यांच्या तारखा एकमेकींपासून सुटत नाहीत.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. विमा आर्थिक भरपाई देतो. फौजदारी जबाबदारी तो उचलत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरण्याचा गुन्हा आहे. पॉलिसी चालू असली तरी सुरक्षापट्टा न देता माणसाला झुल्यावर चढविणाऱ्याची त्यातून सुटका होत नाही.

कलमाचा नमुना

या सर्व मुद्द्यांचे सार काही वाक्यांत मांडायचे तर ते असे होईल : ‘या करारान्वये आवश्यक असलेला विमा काम पूर्ण होईपर्यंत व दोषदायित्वाच्या काळातील प्रत्येक कामासाठी कंत्राटदार अखंड चालू ठेवील. विम्याची मुदत संपण्यापूर्वी पंधरा दिवस नूतनीकरणाचा व हप्ता भरल्याचा पुरावा देईल. विमा संपल्यास, रद्द झाल्यास किंवा अपुरा ठरल्यास कंत्राटदार चोवीस तासांत लेखी कळवील आणि सुरक्षिततेची कामे वगळता अन्य काम थांबवील. त्या कालावधीसाठी मुदतवाढ वा मोबदला मिळणार नाही. मालकास स्वतः विमा घेऊन त्याचा खर्च देयकातून अथवा अनामत रकमेतून वसूल करता येईल. विमा चालू असता तर जी रक्कम विमा कंपनीकडून मिळाली असती, ती देण्यास कंत्राटदार स्वतः जबाबदार राहील. सात दिवसांच्या लेखी नोटिशीनंतरही विमा पूर्ववत न झाल्यास मालकास करार समाप्त करता येईल.’

प्रत्येक कामाचे स्वरूप वेगळे असल्याने हा मसुदा वकिलाच्या नजरेखालून घालणे योग्य. पण वकिलाकडे जाण्यापूर्वी नेमके काय मागायचे हे माहीत असले, तर ‘आवश्यक तो विमा’ या तीन शब्दांवर भागविले जात नाही.

पुन्हा त्या ९ एप्रिलकडे पाहता येईल. करारात ही वाक्ये असती तर १६ मार्चला नूतनीकरणाचा पुरावा मागितला गेला असता. तो न मिळाल्यास ३१ मार्चपूर्वी सोसायटीने स्वतः पॉलिसी घेतली असती किंवा १ एप्रिलला झुला खाली उतरला असता. दोर कदाचित जीर्णच असता, पण त्याच्यावर त्या दिवशी माणूस नसता; आणि असता तरी त्याच्या घरच्यांना भरपाईसाठी सोसायटी व कंत्राटदार यांच्यातला वाद मिटण्याची वाट पाहावी लागली नसती. ज्यांच्याकडे परांची बांधलेली आहे त्यांना आजच करता येण्याजोगी गोष्ट अगदी छोटी आहे. फाइलमधली पॉलिसी काढावी, तिच्यावरची शेवटची तारीख वाचावी आणि काम त्या तारखेपूर्वी संपणार आहे का, हे कंत्राटदाराला लेखी विचारावे.